नाव टाकले, पायऱ्या राखल्या
(कोल्हापूर येथे २ नोव्हेंबर रोजी दिलेले भाषण)



हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर आज सार्वजनिक सुटी आहे. १८३४ साली याच दिवशी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून आलेले ३६ भारतीय मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. त्यांच्यामागून सुमारे साडेचार लाख माणसे गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपल्या कोकणातील मराठी कुटुंबेही होती.

त्यांना का नेले? १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली, ती मात्र मालकांना. गुलामांच्या हाती एक पैही पडली नाही. उसाच्या मळ्यांना तर राबणारे हात हवेच होते. म्हणून साखळदंडाच्या जागी करारनामा आला. मी वकील आहे. करार दोन स्वतंत्र इच्छांतून व्हावा लागतो, हे कायद्याचे पहिले सूत्र. येथे एका पक्षाला लिहिलेले वाचताही येत नव्हते! एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मुदत संपलेल्या मजुरालाही १८६७ च्या कायद्याने छायाचित्र लावलेला परवाना बाळगावा लागे. तो जवळ नसल्यास तुरुंग.

पण ही माणसे मुकी राहिली नाहीत. १८७१ साली नऊ हजारांहून अधिक मजुरांनी गाऱ्हाण्यांचा अर्ज केला. तो तयार करण्यास आडोल्फ द प्लेविट्झ या युरोपीय गृहस्थाने साहाय्य केले. परिणामी १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग आला. १९१७ साली अशी मजूरभरती थांबली.

आणि येथे? १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द केली. मॉरिशसच्या मजुराच्या कराराला निदान मुदत होती. आपल्या आजोबांच्या वेठीला तीही नव्हती.

मजूर जेथे उतरत, त्या धक्क्याला ‘कुली घाट’ म्हणत. १९८७ साली त्याचे नाव ‘आप्रवासी घाट’ झाले व २००६ साली तो जागतिक वारसा ठरला. अपमानाचे नाव टाकले. पायऱ्या मात्र पाडल्या नाहीत. आपणही जुनी नावे टाकली आहेत. परंतु मुलांनी वेठीविषयी विचारले असता आपण लाजेने विषय बदलतो. लाज राबणाऱ्याला नसावी, राबविणाऱ्याला असावी. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांकडून ती हकीकत ऐका आणि मुलांकडून लिहवून घ्या. आजोबांना जे वाचता आले नाही, ते नातवाने लिहावे. हाच आपला स्मरणदिन.