संगीताच्या खोलीतला नवा संगणक

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वेळही नेमून दिला आहे आणि विषयही. आपण सगळ्यांनी वर्गणी काढून शाळेच्या संगीताच्या खोलीसाठी नवा संगणक घेतला. त्यावर आवाज तयार करणारं कोणतं सॉफ्टवेअर घालायचं, ते मी ठरवायचं आणि का ठरवलं ते इथे सांगायचं. ग्रुपवर या प्रश्नावर आठवडाभर चर्चा झाली. सुचवलेल्या नावांपैकी निम्मी एकाच मित्राची होती. तो शाळेतही फळ्यावरचं गणित लिहून व्हायच्या आधीच उत्तर ओरडायचा, तेव्हा आश्चर्य नाही.

नवा संगणक का लागला, ते आधी सांगते. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि खोलीतल्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही. इथवर सोपं होतं. नवा संगणक आला, टेबलावर मांडला, आणि संगीताच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "माझी गाणी यात येतील ना?"

बाईंनी बारा वर्षं प्रार्थना, समूहगीतं, स्नेहसंमेलनातली गाणी यांची साथ एका विकतच्या प्रोग्रॅममध्ये बसवली होती. तानपुरा, पेटी, ठेका, मधले संगीताचे तुकडे. एकूण ३८ गाणी. ज्या कंपनीने तो प्रोग्रॅम विकला, ती आता नाही. प्रोग्रॅम नव्या संगणकावर चढतो, पण चालू करताना कंपनीच्या सर्व्हरकडे परवानगी मागतो आणि समोर उत्तर द्यायला कोणी नसतं. फाइली पेन ड्राइव्हवर नीट आहेत. पण त्या उघडू शकणारा जगात एकच प्रोग्रॅम आणि तो मुका. आपल्या प्रार्थनेची चाल बाईंची स्वतःची आहे आणि साथीसकट ती कागदावर कुठेही नव्हती, हे त्या दिवशी कळलं तेव्हा मला जरा धडकी भरली.

जुनं यंत्र अजून धडधडत चालू होतं, म्हणून निभावलं. आम्ही तिघांनी दोन रविवार बसून एकेक गाणं त्यावर उघडलं आणि दोन रूपांत बाहेर काढलं. एक, सरळ ध्वनिमुद्रण, म्हणजे वेव्ह फाइल. दुसरं, मिडी. मिडी हे मानक १९८३ सालचं आहे आणि आजही सगळीकडे चालतं. त्यात आवाज नसतो. कोणता स्वर कधी लागला, किती जोराने, कधी सुटला, एवढंच असतं. भातखंड्यांच्या स्वरलिपीत लिहिलेली बंदिश कोणत्याही पेटीवर वाजवता येते, तसंच. ३८ पैकी ३५ गाणी निघाली. उरलेल्या तिनांपैकी दोन बाईंना पाठ आहेत. तिसरं पावसावरचं समूहगीत. त्याचा अंतरा बाईंना आठवत नाही. २०११ च्या बॅचपैकी कोणाला आठवत असेल तर आज जेवायला बसायच्या आधी मला गाठा, गुणगुणलं तरी चालेल.

आता निवडीकडे येते. दुकानात किंवा जाहिरातीत या सॉफ्टवेअरची स्तुती एकाच मापाने होते: आत किती हजार आवाज आहेत. मला ते माप कुचकामी वाटतं. मी पहिला प्रश्न विचारते, की यात केलेलं काम कोणत्या रूपात साठतं आणि हा प्रोग्रॅम नाहीसा झाला तर ते वाचता येईल का?

हा प्रश्न नवा नाही. या प्रकारच्या प्रोग्रॅमची सुरुवात १९५७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाली. मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने आयबीएम ७०४ या खोलीभर यंत्रावर 'म्युझिक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून १७ सेकंदांची एक धून निघाली. पुढे त्याच घराण्यात बॅरी व्हर्को यांनी 'म्युझिक ३६०' लिहिला, आयबीएमच्या ३६० या यंत्रासाठी. मग 'म्युझिक ११', पीडीपी-११ या यंत्रासाठी. नावातच यंत्र. यंत्र अडगळीत गेलं की प्रोग्रॅमही त्याच्याबरोबर. शेवटी १९८६ मध्ये एमआयटीत त्यांनी तेच सगळं सी भाषेत पुन्हा लिहिलं, कारण सी कोणत्याही नव्या यंत्रावर नेता येते. म्हणून त्याचं नाव सीसाउंड. चाळीस वर्षं झाली, अजून चालतं आणि मोफत मिळतं. त्यातलं काम साध्या मजकुराच्या फाइलीत असतं. वाद्य कसं घडवायचं ते एका भागात, कोणता स्वर कधी ते दुसऱ्या भागात. उद्या सीसाउंड राहिलं नाही तरी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडेल, आणि वाचणाऱ्याला वाद्य कसं बांधलं होतं ते कळेल. बाईंच्या ३८ फाइलींबद्दल हे म्हणता आलं असतं, तर आमचे दोन रविवार वाचले असते.

दुसरा प्रश्न प्रोसेसरचा. नवा संगणक म्हणजे जुन्यापेक्षा वेगवान, एवढंच आपण धरून चालतो. पण कधीकधी आतली भाषाच बदललेली असते. ॲपलने १९९४, २००६ आणि २०२० अशी तीनदा प्रोसेसरची जात बदलली आणि २०१९ पासून ३२ बिटांचे प्रोग्रॅम चालवणंच बंद केलं. विंडोज त्यामानाने सोशिक आहे, पण विंडोज ११ फक्त ६४ बिटांचं आहे. ३२ बिटांचा प्रोग्रॅम त्यावर चालतो. मात्र ३२ बिटांचं जुनं प्लगइन, म्हणजे मुख्य प्रोग्रॅममध्ये बसवायचं जोडवाद्य, ६४ बिटांच्या प्रोग्रॅममध्ये सरळ बसत नाही. आणि तुमच्यापैकी जे मुलांसाठी एआरएम प्रोसेसरचे नवे विंडोज लॅपटॉप घेताहेत त्यांच्यासाठी: जुने प्रोग्रॅम त्यावर बहुतेक चालतील, कारण विंडोज मधे बसून भाषांतर करतं. ड्रायव्हरचं मात्र भाषांतर होत नाही. बाहेरचं ध्वनियंत्र जोडायचं असेल तर त्याचा एआरएमसाठीचा ड्रायव्हर आहे का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. शाळेचा संगणक साधा इंटेलचा आहे, तिथे ही कटकट नाही.

तिसरा मुद्दा उशिराचा. संगणक आवाजाचे नमुने एकेक करून पाठवत नाही, ओंजळ भरली की पाठवतो. त्या ओंजळीला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने असतील आणि बफर १,०२४ चा असेल, तर प्रत्येक ओंजळ भरायला २१ मिलिसेकंद लागतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे तेवढ्या वेळात सात मीटर. बोट आपल्या पट्टीवर, आणि पेटी वर्गाच्या पलीकडच्या भिंतीपाशी वाजते आहे, असं होतं. बफर १२८ केला की हे अंतर मीटरच्या आत येतं. मुलं कीबोर्ड जोडून वाजवणार असतील तर हे फार महत्त्वाचं आहे. तानपुऱ्याला काहीच फरक पडत नाही, तो एकदा सुरू केला की चालूच राहतो. त्यामुळे ग्रुपवर ज्यांनी या एकाच मुद्द्यावर महागडं ध्वनियंत्र घ्या म्हणून आग्रह धरला, त्यांना मी नम्रपणे नाही म्हटलं. ते पैसे बऱ्या स्पीकरवर खर्च झाले आहेत.

आता तानपुऱ्याबद्दल, कारण माझा सगळा जीव तिथे अडकला आहे. ध्वनिमुद्रित तानपुरा का नको, असं विचाराल. चालतो, पण पट्टी बदलली की अडचण. नुसता वेग वाढवून चढवला तर छेडण्याची लयही वाढते, आणि लय तीच ठेवून ताणला तर नादाचा पोत बिघडतो. वर्गात एका मुलीला काळी पाच हवी, दुसऱ्या मुलाचा आवाज फुटतो आहे म्हणून त्याला आणखी खाली. तारेचा नाद गणिताने तयार केला तर एक आकडा बदलून काम होतं.

ते गणित १९८३ मध्ये केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी मांडलं, आणि आठवीतल्या मुलालाही समजेल असं आहे. वहीच्या एका ओळीत काहीही वेडेवाकडे आकडे लिहा. ते ओळीने स्पीकरकडे पाठवा. प्रत्येक आकडा पाठवला की त्याच्या जागी तो आणि शेजारचा यांची सरासरी लिहा. ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. आकडे फिरत राहतात म्हणून स्वर ऐकू येतो, आणि सरासरीने खडबडीतपणा झिजत जातो म्हणून तो छेडलेल्या तारेसारखा विरतो. ओळ जितकी लांब, स्वर तितका खाली. काळी एकचा मंद्रातला षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे १३८.६ कंपनं. ४८,००० ला त्याने भागलं की ओळीत साधारण ३४६ आकडे हवेत. विज्ञानाचे सर इथे बसलेत. सर, तुम्ही नादकाटा टेबलावर आपटून आमच्या कानाशी धरायचात, तो तास मुलांना आता असाही घेता येईल.

इथे एक खोच आहे. काही प्रोग्रॅम सेकंदाला ४४,१०० नमुने धरतात. सहसा संगणक जुळवून घेतो, पण जुळवणी चुकली आणि तेच नमुने ४८,००० च्या वेगाने वाजले, तर सगळंच चढतं. काळी एक लावावी आणि पांढरी दोन व काळी दोन यांच्या मधलं काहीतरी ऐकू यावं, असं. बाईंचा कान ते क्षणात पकडेल, नवख्या मुलाचा नाही; तो बिचारा ओढूनताणून गात राहील. म्हणून दोन्ही ठिकाणी ४८,००० पक्कं करून ठेवलं आहे आणि तशी चिठ्ठी मॉनिटरवर डकवली आहे. ती कोणी काढू नये.

सीसाउंडमध्ये हे तारेचं गणित 'प्लक' या नावाने तयार मिळतं. चार तारा, प सा सा आणि खर्ज, लावून मी बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "लोखंडी आहे. जवारी कुठाय?" बरोबर होतं. तानपुऱ्याची घोडी सपाट आणि किंचित गोलाई असलेली, त्यावर तारेखाली सुताचा दोरा. तार हलताना घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि वरचे स्वर उमलत राहतात. तार कुठे छेडली तर कोणते उपस्वर गळतील, याचा पाश्चात्त्य नियम तानपुरा पाळत नाही, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवलं आहे. साध्या सरासरीत हा घोडीचा स्पर्श नाहीच. तो वेगळा घालावा लागतो, तार एका मर्यादेपलीकडे गेली की तिला जरा अडवून. माझा तिसरा प्रयत्न बाईंच्या मते "रेडिओवर लांबून लागलेला तानपुरा" इतपत आला आहे.

तर संगणकावर काय घातलं? तानपुरा आणि बाईंची साथ यांच्यासाठी सीसाउंड. मुलांना आवाज घडवून बघण्यासाठी मिलर पकेट यांचं प्युअर डेटा. त्यात चौकोन मांडून रेघांनी जोडायचे असतात, एक ओळही लिहावी लागत नाही, आणि साठवलेली फाइल आतून साधा मजकूरच असते. पाचवी-सहावीसाठी सोनिक पाय, ते शाळेतल्या मुलांसाठीच बनवलं आहे. कीबोर्ड जोडून वाजवायला सर्ज. हे एकेकाळी विकत मिळायचं. २०१८ मध्ये कर्त्याने त्याचा सगळा सोर्स कोड खुला केला आणि मग लोकांनी ते नव्या यंत्रांवर आणलं. बाईंच्या जुन्या प्रोग्रॅमच्या बाबतीत नेमकं हेच झालं नाही. चारही मोफत आहेत, पण घेतली ती सोर्स कोड खुला आहे म्हणून. सीसाउंड शिकायला किचकट आहे, हे मान्य. दिसायला तर अगदीच रुक्ष. बाईंना त्यात लिहावं लागू नये म्हणून पट्टी, लय आणि तारांची जुळणी एवढीच बटणं असलेली एक खिडकी करून दिली आहे.

राहिली देखभाल. दर वर्षी परीक्षा संपल्या की सगळी गाणी वेव्ह आणि मिडी अशा दोन्ही रूपांत काढून दोन पेन ड्राइव्हवर ठेवायची. एक शाळेच्या कपाटात, एक बाईंच्या घरी. नववीतल्या दोन मुलींनी हे काम मागून घेतलं आहे आणि त्यांनी पहिल्यांदा केलेली प्रत मी तपासली, चोख होती. स्पीकरची वॉरंटी तीन वर्षांची, पावती मुख्याध्यापकांकडे. जुनं यंत्र भंगारात देऊ नका, ते पावसाचं गाणं सापडेपर्यंत तरी.

मी मे महिन्यात पुन्हा येते आहे, जवारीचं काम पुरं करायला. तोवर बाईंनी चारही तारांच्या तक्रारी वहीत लिहून ठेवाव्यात. खर्जाबद्दल पहिली दोन पानं भरली आहेत, असं आत्ताच कळलं.