पावती कोणाच्या नावाने फाडायची?

(वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आमच्या गल्लीत एकदा आरोग्य निरीक्षक आले. गटार तुंबून घाण पाणी रस्त्यावर आले होते. त्यांनी दारात भांडी घासणाऱ्या बाईच्या नावाने दंडाची पावती फाडली. गटार पाच महिने तुंबलेले होते, आमचे तीन अर्ज कचेरीत पडून होते, पण त्याचा दंड कोणालाच झाला नाही. मी तिथेच उभी होते. मी, संघटनेची कार्यकर्ती, तिला म्हणाले, "भरून टाक बाई, वाद नको." चार घरची धुणीभांडी करून मिळालेल्या पगारातून तिने तो भरला. ते मला अजून टोचते.

स्वच्छतेचा कायदा आपल्या दारात बहुधा असाच येतो. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, तेव्हा रँडच्या हुकमाने सोल्जर घरात घुसले, सामान बाहेर फेकले, बायकांना तपासणीसाठी बाहेर काढले. प्लेगच्या इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी वर्तमानपत्रात पत्र लिहिले. आणि त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. साथ आटोक्यात आणायलाच हवी होती. प्रश्न होता तो कोणाला धाक दाखवून, हा.

हा धाक उलट दिशेनेही चालतो, हे मला रतलामच्या खटल्यातून कळले. मध्य प्रदेशातल्या या गावात एका वॉर्डात गटारे नव्हती. दारूच्या कारखान्याचे सांडपाणी रस्त्यावर येई. शेजारच्या झोपडपट्टीला संडास नव्हते, म्हणून लोक रस्त्यावरच बसत. रहिवासी मॅजिस्ट्रेटकडे गेले. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचे फौजदारी संहितेचे कलम १३३ त्यांनी नगरपालिकेवरच लावायला लावले. नगरपालिका म्हणाली, पैसा नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जुलै १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितले की पैसा नाही ही सबब चालणार नाही. सहा महिन्यांत पुरेसे सार्वजनिक संडास बांधा, स्त्रियांचे आणि पुरुषांचे वेगळे, तिथे पाणी द्या, सफाई करा.

बघा, त्या झोपडीवाल्यांना हुसकावून लावा असे म्हणणे किती सोपे होते! कोर्टाने घाणीचे कारण माणसांत शोधले नाही, नसलेल्या संडासात शोधले.

ते कलम गेलेले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५२ झाले आहे. अर्ज प्रांतांकडे करता येतो. गटारे, सार्वजनिक संडास, कचरा ही महाराष्ट्रात १९६५ च्या कायद्याने नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. मेहेरबानी नव्हे.

तेव्हा तीन गोष्टी करू. अर्ज तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. गटार कधी तुंबले, संडासाला दार कधीपासून नाही, रात्री मुली कुठे जातात, कोणाचे मूल जुलाबाने आजारी पडले, हे तारखांसह वहीत लिहा. दुसरे, मागणी नेमकी शब्दांत मांडा. "घाण हटवा" एवढेच लिहाल तर उद्या तेच साहेब बुलडोझर घेऊन येतील. "संडास बांधा, पाणी द्या, गटार उपसा" असे लिहा. तिसरे, उपसणार कोण, हेही विचारा. माणसाला मैल्यात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपली गल्ली स्वच्छ व्हावी म्हणून दुसऱ्या कोणा बाईचा नवरा त्या चेंबरमध्ये गुदमरता कामा नये.

ती बाई आज इथे पुढच्या रांगेत बसली आहे. दंडाची पावती तिने जपून ठेवली आहे. प्रांतांकडच्या आमच्या अर्जाला पहिला कागद तोच जोडला आहे, आणि या वेळी पहिली सही माझी आहे.