बर्फाच्या अलीकडचं स्टेशन

ताम्हिणीच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. ‘जुलैमध्ये स्वित्झर्लंडला चाललोय, तिकडे फुलपाखरं दिसतात का हो?’ आजचा भाग त्यावर.

दिसतात की! देश महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा, पण फुलपाखरांच्या जाती दोनशेच्या आसपास. फक्त आपल्या सवयीने शोधू नका. आपल्याकडे पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कशी मजा असते. तिथे दोन हजार मीटरवर वर्षातले कित्येक महिने बर्फ. फुलणं, उडणं, अंडी घालणं, सगळं मुख्यतः जून अखेर ते ऑगस्ट एवढ्यात उरकायचं. त्यामुळे जुलैच्या उन्हात तिथे अक्षरशः झुंबड असते.

आता अडचण अशी, की आपल्या टूरवाल्यांना बर्फ दाखवायचा असतो. युंगफ्राऊयोख ३४५४ मीटर, गॉर्नरग्राट ३०८९ मीटर. रेल्वे थेट वर, फोटो, गरम चहा, परत खाली. आणि फुलपाखरं असतात ती मधल्या पट्ट्यात, जो आपण खिडकीतून बघत बघत मागे टाकतो. माझं सांगणं एवढंच, की एक दिवस तरी बर्फाच्या अलीकडच्या स्टेशनवर उतरा.

आम्ही हे त्सेरमाटला केलं. मी, नवरा आणि आमच्या सासूबाई, वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे. त्यामुळे चढ नकोच होता. गावातून बोगद्यातली रेल्वे काही मिनिटांत सुनेगाला, म्हणजे २२८८ मीटरवर सोडते. तिथून फिंडेलन नावाच्या जुन्या वाडीपर्यंत पायवाट उतरते. काळपट लाकडाची घरं, गवताची कोठारं, समोर मॅटरहॉर्न. आईंची अट एकच होती: ‘मी बाकावर बसेन, तुम्ही काय शोधायचं ते शोधा.’

पहिला धडा उन्हाचा. साडेनऊपर्यंत काही नाही. उतारावर ऊन आलं आणि गवतातून गडद तपकिरी फुलपाखरं वर यायला लागली. ही एरेबिया कुळातली, इंग्रजीत रिंगलेट. पंखांवर नारिंगी पट्टा, त्यात काळे ठिपके. रंग गडद म्हणून ऊन पटकन शोषतात, थंडीत ते कामाला येतं. पण ढग आला की संपलं! दहा सेकंदांत सगळी गवतात गडप. ऊन आलं की पुन्हा वर. डोंगरात दुपारनंतर ढग जमतात, म्हणून शोधायचं ते दहा ते दोन. (यांच्या जाती ओळखायच्या फंदात पहिल्या दिवशी पडू नका. पंखांची खालची बाजू नीट दिसल्याशिवाय जाणकारही बोलत नाहीत.)

दुसरा धडा मिठाचा. पायवाटेवर झऱ्याचं पाणी झिरपत होतं, तिथे ओल्या मातीवर निळी फुलपाखरं दाटीवाटीने बसलेली. आपल्याकडे ओढ्याकाठी दिसतो तोच चिखलपानाचा प्रकार. एक तर आईंच्या घामेजल्या मनगटावर येऊन बसलं आणि सोंड बाहेर काढून चाटायला लागलं. ‘अगं, हे मला चाटतंय!’ म्हणाल्या. पण हात हलवला नाही हं त्यांनी, बराच वेळ.

आणि आता अपोलो. आल्प्सला जाणाऱ्या प्रत्येकाला हवं असतं ते हेच. कागदी पांढरे, थोडे पारदर्शक पंख, त्यावर काळे डाग आणि मागच्या पंखांवर काळ्या कडेचे लाल डोळे. ते उडत्या फुलपाखराच्या मागे धावून सापडत नाही. त्याचं झाड शोधायचं. त्याच्या अळ्या सेडम खातात. हे सेडम म्हणजे आपल्या पानफुटीच्याच कुळातलं, तसंच मांसल पानांचं, पण इवलंसं, दगडाच्या फटीत वाढणारं. कुंडीतल्या पानफुटीची पानं पोखरणाऱ्या रेड पिएरोच्या अळ्या ज्यांनी बघितल्यात, त्यांची नजर तयारच आहे. ऊन खाणारी दगडी भिंत, तिच्यावर पांढरी फुलं आलेलं सेडम आणि जवळपास काटेरी जांभळी फुलं. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की थांबा. आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. ते आलं तेच तरंगत, पंख जवळजवळ न हलवता. एक सांगते, ओढ्याकाठी त्याच्यासारखंच थोडं लहान दिसलं तर मिशा बघा. राखाडी असतील तर अपोलो, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या असतील तर लहान अपोलो.

पण मला त्या दिवशी जास्त विचारात पाडलं ते गवताने. त्या कुरणांना आपण ‘निसर्ग’ म्हणतो, पण त्यातली बरीचशी शेतकऱ्यांनी राखलेली आहेत. शेकडो वर्षं गवत कापलं, गुरं चारली, म्हणून तिथे झाडी माजली नाही आणि फुलं टिकली. अशा खतं न घातलेल्या कुरणांसाठी सरकार शेतकऱ्याला पैसे देतं. अट अशी, की ठरलेल्या तारखेआधी विळा लावायचा नाही: सखल भागात १५ जून, डोंगरात उंचीप्रमाणे १ किंवा १५ जुलै. तोवर फुलांचं बी होतं. सवाल त्या चढावरच्या लहान तुकड्यांचा आहे, जिथे यंत्र जात नाही. तिथे कापणी परवडत नाही, तरुण खाली शहरात जातात, आणि काही वर्षांत झुडपं चढतात. सेडमवर सावली पडली की अपोलो गेलं. पोलंडच्या पिएनिनी डोंगरात १९९० च्या सुमारास मोजकीच अपोलो उरली होती. त्यांची पैदास करून सोडावी लागली, आणि सोबत उतारांवरची झुडपं तोडावी लागली, तेव्हा ती सावरली.

तिकडे उष्णता वाढतेय, तशा काही जाती वर सरकतायत. वर सरकायला डोंगर किती उरलाय, हे प्रत्येक डोंगराचं वेगळं. सखल टेकड्यांवरून अपोलो अनेक ठिकाणी केव्हाच गेलंय.

जाळं नेऊ नका. अपोलोला तिथे संरक्षण आहे, आणि खरं तर दुर्बीण आणि मोबाईल पुरतो.

आता राहिला प्रश्न सुट्टीचा. शाळा मे महिन्यात बंद, आणि मेमध्ये फिंडेलनच्या उंचीवर बर्फ वितळतच असतो. मग काय करायचं? खाली राहायचं. त्याच वाले प्रांतात रोन नदीकाठी, द्राक्षमळ्यांच्या वरचे दक्षिणेकडचे उतार देशातल्या सर्वांत कोरड्या भागात येतात. तिथे मेमध्येच स्वॅलोटेल उडतात, आणि तिथली अपोलो वरच्यापेक्षा बरीच आधी बाहेर पडतात. पेंटेड लेडी तर दोन्हीकडे भेटेल. आफ्रिकेतून उडत आलेली, पण जात तीच, जी पुण्यातही दिसते.

आईंचं विचाराल, तर दुसऱ्या दिवशी गॉर्नरग्राटचं तिकीट काढलं होतंच. बर्फ बघितला, आवडला. उतरताना त्यांनीच विचारलं, ‘मधल्या स्टेशनवर गाडी थांबते ना?’