जुगाराच्या नोकरीचे अर्थशास्त्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कॅसिनोतील नोकरी हा सन्मान्य पेशा मानावा काय, हा प्रश्न वऱ्हाडात उपस्थित करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. अमरावतीत वा अकोल्यात कॅसिनो नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा संमत केला. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. तथापि जुगाराचा धंदा येथे आहे आणि त्यात राबणारे हातही आहेत. वरली मटक्याची पट्टी लिहिणारा माणूस हाच वऱ्हाडातील कॅसिनो-कामगार होय.

या धंद्याचे मूळही वऱ्हाडला परके नाही. मटक्याचा पूर्वज म्हणजे कापसाचा आकडा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते व बंद भाव मुंबईस कळत आणि त्यांवर पैजा लागत. १९६१ च्या सुमारास तो प्रकार बंद पडला. मग मडक्यातील चिठ्ठ्यांनी आकडा ठरू लागला, आणि मडक्यावरूनच धंद्याला नाव मिळाले. ज्या पिकावर अकोला-अमरावतीच्या बाजारपेठा वाढल्या, त्याच पिकाच्या भावातून हा जुगार जन्मला.

आता हिशेब पाहू. रूलेटच्या एका प्रचलित चाकावर ३७ घरे असतात. प्रत्येक घरावर एक रुपया लावला, तर जिंकणाऱ्या घराला लावलेल्या रुपयासह ३६ रुपये परत मिळतात. एक रुपया मालकाकडे राहतो. मटक्यात दहा आकडे आणि एका आकड्याला नऊपट, हा रूढ भाव. म्हणजे दहा रुपयांतील एक मालकाचा. श्रीमंताच्या चाकावर शेकडा पावणेतीनच्या आत कपात, तर मजुराच्या चिठ्ठीवर शेकडा दहा! कामगाराचे वेतन याच कपातीतून निघते. या उद्योगात कापसाचे सूत होत नाही, सुताचे कापड होत नाही. एकाच्या खिशातील पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो. म्हणून रोजगारनिर्मितीच्या नावाखाली कॅसिनो मागणाऱ्यांचा युक्तिवाद पोकळ आहे.

परंतु मालकाचा धिक्कार आणि कामगाराचा तिरस्कार या भिन्न गोष्टी आहेत. गोव्याने १९९२ साली आपल्या जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट दिली. पुढे मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी राहिली. तेथे पत्ते वाटणाऱ्याला गणवेश आणि पगारपत्रक आहे. वऱ्हाडात पट्टी लिहिणाऱ्याच्या वाट्याला १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखालील खटला येतो. कायद्याच्या शब्दांत अड्ड्याचा मालकही गुन्हेगार आहे. पण पानठेल्याच्या आडोशाला कागद-पेन घेऊन उभा असतो तो नोकर. धाडीत प्रथम सापडतो तोही तोच. दोघांच्या कामात नैतिक भेद नाही. भेद आहे तो भांडवलाचा आणि परवान्याचा.

हा नोकर येतो कोठून? अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली. गिरणीचे दार मिटते तेव्हा सगळेच कामगार जुगाराकडे वळत नाहीत. बहुतेक हमाली करतात, भाजी विकतात, पुण्याची गाडी धरतात. परंतु प्रामाणिक कामाची एकेक वाट बंद होत गेली की उरलेल्या वाटेवर कोणीतरी जाणारच. त्याला चारित्र्याचे धडे देणे सोपे आहे. त्याच्या घरी संध्याकाळी चूल कशाने पेटावी, हे सांगणे अवघड आहे.

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि कामाचा हक्क मान्य केला. तो हक्क प्रामुख्याने ग्रामीण अंगमेहनतीपुरता राहिला. शहरातील शिकलेला बेकार त्याबाहेरच राहिला. म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांची मागणी केवळ धाडींची असू नये, आणि कॅसिनोच्या परवान्यांची तर मुळीच असू नये. शहरी रोजगाराची हमी, बंद गिरण्यांच्या जागी कापसावर प्रक्रिया करणारे सहकारी उद्योग, आणि पट्टी टाकून देणाऱ्याला त्यांत प्रथम स्थान, ही मागणी वस्तीवस्तीत गेली पाहिजे. पट्टी लिहिणाऱ्याचे अक्षर सुवाच्य असते आणि हिशेब चोख असतो. ते कसब सहकारी संस्थेच्या खातेवहीत उमटावे, यासाठी लढणे हे चळवळीचे काम आहे.