उभ्या माणसाचे दुखणे



आजच्या व्याख्यानाचा विषय पायांचे दुखणे हा आहे, हे वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. अशा व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषय होतात. त्यांत टाच आणि पोटरी यांना कोण विचारतो? शिवाय मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा नववीत सुटली आणि पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत. परंतु गेली तीस वर्षे मी ज्या लोकांत वावरलो, म्हणजे कापडदुकानांतील विक्रेत्या, इमारतींच्या फाटकांवरचे रखवालदार, यंत्रमागावरचे कामगार, त्यांच्या तोंडून पगाराच्या खालोखाल जी तक्रार मी ऐकली ती पायांची. तेव्हा हे दुखणे येते तरी कोठून, हे समजून घेण्याचा मी यथाशक्ती प्रयत्न केला. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

आरंभी एक कोडे घालतो. आषाढीला आळंदीहून पंढरपूरला माणसे पायी जातात. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. वारकऱ्यांचे पाय दुखत नाहीत असे नाही. फोड येतात, पोटऱ्या भरून येतात. पण साठी उलटलेली बाई दिवसभर चालते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा वाटेला लागते. उलट पंचविशीची मुलगी साड्यांच्या दुकानात दहा तास उभी राहते, दिवसभरात जेमतेम गल्ल्यापासून कपाटापर्यंत जाते, आणि रात्री घरचा जिना चढताना तिला कठडा धरावा लागतो. चालणारा टिकतो आणि उभा राहणारा थकतो, असे का व्हावे?

याचे उत्तर पायाच्या घडणीत आहे. माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी ५२, म्हणजे चवथा हिस्सा, दोन पावलांत असतात. ही हाडे कमानीसारखी रचलेली असून तळव्याच्या बाजूने टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत एक चिवट पट्टा ताणलेला असतो. कमान हे धनुष्य समजा आणि हा पट्टा त्याची दोरी. चालताना टाच उचलली आणि बोटे वर वाकली, की रहाटावर दोर गुंडाळावा तसा हा पट्टा ओढला जातो, कमान उंचावते आणि मऊ पाऊल घट्ट होऊन शरीराला पुढे ढकलते. हिक्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९५४ साली ही क्रिया प्रथम नीट समजावून सांगितली. पाऊल हा असा जिवंत, हलण्यासाठी घडलेला अवयव आहे. त्याला आपण खांबासारखा वापरतो, तेथून तक्रारीला सुरुवात होते.

आता आपण जरा एक प्रयोग करू. ज्यांना शक्य असेल त्यांनी जागच्या जागी उभे राहावे आणि वाकून एक हात पोटरीवर ठेवावा. शरीराचा भार किंचित पुढे न्या. पोटरी कठीण होईल. भार मागे न्या. पोटरी सैल पडेल आणि नडगीच्या बाजूचा स्नायू ताठेल. बसा आता. यावरून काय दिसते? आपण स्वस्थ उभे आहोत असे म्हणतो तेव्हा शरीराचा भार घोट्याच्या सांध्याच्या थोडा पुढे पडत असतो. म्हणजे आपण क्षणोक्षणी पुढे पडू पाहत असतो आणि पोटरीचे स्नायू आपल्याला मागे ओढून धरीत असतात. स्वस्थ उभा असलेला माणूसही सतत किंचित डुलतच असतो.

हा तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते: डोळ्यांकडून, कानाच्या आतील तोलाच्या इंद्रियाकडून, आणि तळवे, सांधे व स्नायू यांच्याकडून. घरी भिंतीजवळ, आधार हाताशी ठेवून, एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. घोटा कसा धडपडू लागतो ते पाहा. एक खबऱ्या गप्प बसला की बाकीच्यांचे काम वाढते. मधुमेहात पुष्कळांच्या तळव्यांची जाणीव मंदावते. अशा माणसाचा तोल जातो आणि पायाला जखम झाली तरी त्याला कळत नाही. पॉल ब्रँड या शल्यवैद्यांनी वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करताना हेच ओळखले. बधिर झालेले पाय झिजतात, ते पुष्कळदा वेदनेची सूचना मिळत नाही म्हणून. वेदना ही पायाची राखणदार आहे. तिला नुसते गोळी देऊन झोपवणे शहाणपणाचे नाही. ती काय सांगते ते आधी ऐकावे.

आता कोड्याचे उत्तर. पाण्याने भरलेली कळशी हात लांब करून धरा. मिनिटा-दोन मिनिटांत खांदा भरून येतो. तीच कळशी खालीवर करीत, हात बदलीत नेली तर आपण विहिरीपासून घरापर्यंत पोचतो. स्नायू आवळला की त्यातील बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सैल झाला की रक्त पुन्हा वाहते. चालताना प्रत्येक पायाला पावलागणिक विसावा मिळतो. शिवाय पोटरी आवळते आणि सुटते तेव्हा ती पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलते. म्हणून पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात. निश्चल उभे राहिले की हा पंप बंद पडतो, स्नायूला सुटका नाही आणि रक्त पायांत साचते. संध्याकाळी घोटे सुजतात ते त्यामुळे. वर्षानुवर्षे उभ्याचे काम करणाऱ्यांना शिरा फुगण्याचा विकार अधिक होतो तोही यामुळेच. संचलनात सावधान उभे असलेले धडधाकट जवान कधी कधी चक्कर येऊन पडतात, त्याचेही कारण हेच.

पाय थकला की माणूस नकळत तडजोड करतो. गुडघे मागे कुलूपबंद करतो, एका पायावर भार टाकून कंबर वाकडी करतो, बोटांनी चप्पल आवळून धरतो. घोट्याचे ओझे गुडघ्यावर, गुडघ्याचे कमरेवर जाते. तळपायाची आग मस्तकाला जाते असे आपण रागाविषयी म्हणतो. उभ्याने काम करणाऱ्याच्या बाबतीत ती कमरेपर्यंत तरी खरोखरच जाते.

यावर कोणी म्हणेल की ताठ उभे राहायला शिकवा म्हणजे झाले. येथे मला थोडे थांबले पाहिजे. आदर्श ठेवण म्हणून एकच एक साचा असतो आणि त्यातून ढळले की दुखणे येते, ही समजूत आता टिकत नाही. सपाट पावलांचेच पाहा. सपाट पाऊल म्हणजे अधू पाऊल असे सैन्यभरतीत मानीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडाच्या सैनिकांची पावले तपासली गेली. १९४७ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला आणि लवचीक सपाट पाऊल हे बहुधा निरोगीच असते असे त्यातून दिसून आले. आपल्या देशातील दोन डॉक्टरांनी २,३०० मुलांची पावले तपासून १९९२ साली निष्कर्ष मांडले: पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावले शेकडा ८.६ आणि अनवाणी वाढणाऱ्यांत शेकडा २.८. म्हणजे पाऊल हे वापराने घडते. तात्पर्य, कोणतीही ठेवण तासन्‌तास धरून ठेवली की ती वाईट. आणि बदलता येते ती चांगली.

आणखी एक गोष्ट. माणसाला उंच फळीच्या कडेशी उभे केले तर तो घोटे ताठ करतो आणि त्याचे डुलणे आखडते, असे प्रयोगांत दिसले आहे. भीतीने स्नायू आवळतात. आता ज्या विक्रेतीवर दिवसभर कॅमेऱ्याचा डोळा आहे आणि भिंतीला टेकली तरी जिचा पगार कापला जातो, तिचे अंग सैल कसे राहावे? हे मी पुस्तकात वाचलेले नाही. डोळ्यांनी पाहिलेले आहे. देखरेख करणारे गृहस्थ जेवायला गेले की दुकानातले सगळे खांदे एकदम दोन बोटे खाली येतात.

स्वतःला काय करता येईल तेही सांगितले पाहिजे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते, ही तक्रार घरोघरी आहे. ती बहुधा तळव्याच्या त्या पट्ट्याची असते. क्ष-किरणाच्या चित्रात टाचेचे हाड वाढलेले दिसले म्हणून घाबरू नये; दुखणे नसलेल्या पुष्कळांचेही ते वाढलेले असते. पाऊल टेकण्यापूर्वी हाताने बोटे वर ओढून तळवा ताणावा. भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणावी. दुखणे थोडे निवळल्यावर पायरीवर उभे राहून, बोटांखाली पंचाची गुंडाळी ठेवून, टाच सावकाश वर-खाली करावी. या व्यायामाचा गुण डेन्मार्कमधील २०१४ च्या प्रयोगात दिसला. धीर मात्र हवा. बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेवाचून बरे होते, पण त्याला महिने लागतात. पाय बधिर होत असेल, एकच पाय सुजला असेल, जखम भरत नसेल किंवा मधुमेह असेल, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांकडे जावे. वजन, वय, चपलेचा कठीण तळ यांचाही वाटा असतो. सर्व दोष मालकाच्या माथी मारणे हे काही शास्त्र नव्हे.

परंतु दहा तास सिमेंटच्या फरशीवर उभे राहून दहा मिनिटे व्यायाम करणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. दवाखान्यात विक्रेतीला चप्पल बदलायला सांगतात. तिचे काम कोण बदलणार?

१८९९ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला, की दुकानात दर तीन स्त्री-विक्रेत्यांमागे निदान एक आसन ठेवावे. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातील ४४ व्या कलमाने, उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांना विसाव्याची संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून सोय करणे बंधनकारक केले. ही तरतूद पुढे २०२० च्या संहितेत आली आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. दुकाने मात्र मागे राहिली. केरळात कोझिकोडे आणि इतर शहरांतील विक्रेत्या स्त्रिया बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडल्या, तेव्हा २०१८ साली त्या राज्याने दुकानांच्या कायद्यात तो हक्क घातला. २०२१ साली तमिळनाडूने तेच केले. बसू द्या, एवढे म्हणण्यासाठी माणसांना लढावे लागले, हे आपण लक्षात ठेवावे.

आणि कायद्यात अक्षर असणे वेगळे, दुकानात स्टूल असणे वेगळे. आमच्या संघटनेचे एका कापडदुकानाशी, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, याच प्रश्नावर पाच महिने बोलणे चालले होते. मालकांचे म्हणणे, बसलेली मुलगी गिऱ्हाइकाला आळशी दिसते. आम्ही विचारले, गिऱ्हाइकाला तसे वाटते असे आपणांस कोणी सांगितले? त्याला उत्तर नव्हते. शेवटी दोघींमागे एक उंच स्टूल, गल्ल्याच्या खाली आळीपाळीने एकेक पाय ठेवायला फळी, आणि उभ्याच्या जागी रबराची चटई एवढे मान्य झाले. खर्च एका दिवाळीच्या रोषणाईहून कमी आला.

तेव्हा माझे सांगणे एवढेच, की निश्चल उभे राहणे म्हणजे काम नसतानाचा वेळ नव्हे. ते स्वतःच एक काम आहे. त्यात स्नायू राबतो, रक्त साचते, मेंदू तोल सांभाळीत असतो. जे काम आहे त्याला विसावा मिळालाच पाहिजे. आणि यात आपल्यालाही काही करता येण्यासारखे आहे. आपण सगळे कोणाचे ना कोणाचे गिऱ्हाईक आहोत. उद्या दुकानात गेलात आणि विक्रेती आपल्याला पाहून गडबडीने उठू लागली, तर तिला म्हणा, "ताई, बसा. बसूनच दाखवा." आणि रखवालदाराच्या फाटकाशी खुर्ची नसेल तर सोसायटीच्या पुढल्या सभेत तो विषय काढा. मालक गिऱ्हाइकाचे नाव पुढे करतो. तेव्हा गिऱ्हाइकानेच एकदा तोंड उघडलेले बरे.