बालकांचे पुनर्वसन : कृपा आणि अभ्यास

(मठाच्या वर्धापनदिनी सिल्वासा येथे झालेले भाषण)



पांगळ्याकडून पर्वत ओलांडविणाऱ्या भगवत्कृपेचा श्लोक पाठशाळेतील लहान विद्यार्थीही गीतापाठापूर्वी म्हणतो. परंतु त्यातील क्रियापद प्रयोजक आहे, इकडे क्वचितच लक्ष जाते. प्रयोजकात करविणारा एक व करणारा दुसरा. कृपा करविते, पर्वत ओलांडतो तो पांगळाच. त्याला कोणी उचलून पलीकडे नेऊन ठेवीत नाही. बालकांच्या पुनर्वसनोपचाराचे सारे मर्म या एका व्याकरणविशेषात साठविलेले आहे.

जन्मापूर्वी, जन्मसमयी अथवा त्यानंतर लवकरच मेंदूला इजा झाली म्हणजे हातापायांवरील ताबा बिघडतो. या अवस्थेस सेरेब्रल पाल्सी म्हणतात. झालेली इजा कोणतेही औषध पुसून टाकीत नाही. तथापि बालकाचा मेंदू वाढता असतो. जी क्रिया पुनःपुन्हा घडते तिच्या वाटा त्यात दृढ होतात. जी घडत नाही तिच्या पुसट होतात. म्हणूनच एक हात दुबळा असलेल्या बालकाच्या चांगल्या हातावर उपचारक काही काळ मोजा चढवितो. मग समोरचे खेळणे घेण्यास दुबळ्या हाताला पुढे यावेच लागते. फिजिओथेरपिस्ट बसणे, उभे राहणे, तोल सावरणे शिकवितो. व्यवसायोपचारक घास तोंडाशी नेणे, गुंडी लावणे शिकवितो. वाचोपचारक बोलण्याबरोबर गिळणेही सुधारतो. प्रत्येक मूल चालू लागेलच असे नाही. परंतु जे मूल पाठ टेकून बसू लागले, खुणेने का होईना ‘पाणी हवे’ असे सांगू लागले, त्याचे जग केवढे विस्तारते, हे त्याच्या आईलाच विचारावे.

पतंजलींनी अभ्यासाला दीर्घकाळ, सातत्य आणि आदर अशा तीन अटी घातल्या आहेत. त्या येथे तंतोतंत लागू पडतात. उपचारकापाशी मूल आठवड्यातून तासभर असते; उरलेला सर्व काळ ते घरी असते. जन्मतः आत वळलेल्या पावलाचे उदाहरण घ्यावे. पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्यास प्लास्टर बदलीत पाऊल काही आठवड्यांत सरळ होते. पुष्कळदा टाचेमागील स्नायुरज्जूला लहानसा छेदही द्यावा लागतो. परंतु त्यानंतर विशिष्ट बूट, प्रथम जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांपर्यंत झोपेत, घालावे लागतात. ते मध्येच सोडले तर पाऊल पुन्हा वळू लागते. अर्धे यश रुग्णालयात व अर्धे घरात, ते असे.

या कार्याचा मुंबईतील इतिहास एका मातेपासून सुरू होतो. श्रीमती फातिमा इस्माईल यांच्या कन्येला पोलिओ झाला. तिच्यासाठी केलेल्या धडपडीतूनच 1947 साली अशा मुलांचे उपचारकेंद्र मुंबईत उभे राहिले. 1955 साली हाजी अलीजवळ भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. 1972 साली श्रीमती मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा काढली. तिच्याही मुळाशी स्वतःच्या कन्येची चिंता होती. वन्य पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला. इतर व्यंगांचे निदान लवकर व्हावे म्हणून फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, तो येथून फार दूर नसलेल्या पालघरात.

मग अडते कोठे? अडते ते विलंबात. चार-पाच महिन्यांचे मूल मान धरीत नाही, नऊ महिन्यांचे आधाराशिवाय बसत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरते, दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही, ही लक्षणे घरातील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीस पडत नाहीत असे नाही. परंतु कोणी म्हणते, ‘होईल हळूहळू’. कोणी म्हणते, ‘पूर्वकर्माचा भोग’. हे दुसरे वाक्य अनेकदा धर्माच्या नावाने उच्चारले जाते, म्हणून त्याचे उत्तरही धर्मपीठावरूनच दिले पाहिजे. कर्मसिद्धान्त स्वतःच्या कर्तव्याची जाणीव देण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या अपत्याला दोष देण्यासाठी नाही. आठ ठिकाणी वाकलेल्या अष्टावक्राला जनकाच्या सभेने प्रथम देहावरून मोजले; लाज सभेला वाटावी लागली, अष्टावक्राला नव्हे.

खानवेल, मांदोनी, दुधनीकडील पाड्यांतून मूल कडेवर घेऊन सिल्वाशाच्या रुग्णालयात यावयाचे, तर मातेची त्या दिवसाची मजुरी बुडते. एकदा बुडालेली ती सोसते. दर आठवड्यास सोसवत नाही, आणि उपचार तुटतो. त्या मातेला आळशी म्हणणे सोपे आहे. तिला गाडीभाडे देणे, सोबत देणे, मठाच्या ओसरीत तिच्या मुलाला व्यायामापुरती जागा देणे हे त्याहून थोडेसेच कठीण आहे. येथील शासकीय रुग्णालयाला विनोबांचे नाव आहे. भूदानासाठी गावोगाव चालत गेलेल्या त्या पुरुषाच्या नावाच्या वास्तूपर्यंत एखाद्या बालकाला पोहोचविणे, हीही एक पदयात्राच होय.

प्रसाद घेऊन परतताना प्रत्येकाने आपल्या शेजारघरी डोकावावे. कोपऱ्यात निजवून ठेवलेले एखादे मूल दिसल्यास त्याच्या आईला ‘वाट पाहा’ असे सांगू नये. ‘उद्याच चला’ असे सांगावे. पर्वत ओलांडावयाचा तो त्या मुलालाच. परंतु ‘करविणारा’ होण्याची संधी भगवंताने येथे बसलेल्या प्रत्येकाला दिली आहे.