बर्डीचा कातळ आणि अरबी समुद्राचा तळ

समुद्र पाहायला नागपूरकराला रात्रभर गाडीत बसावं लागतं. इथे सागरी भूभौतिकीवर व्याख्यान कशाला, असं पत्रिका पाहून कुणी म्हणालंही असेल. पण सीताबर्डीच्या किल्ल्याखालचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. निवताना त्याने त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवली. १९५०च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्या लंडनमधल्या गटाने दख्खनचे असे दगड मोजले. लाव्हा वाहत होता तेव्हा आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असं त्यातून निघालं. शिवाय या दगडांपैकी पुष्कळांतलं चुंबकत्व आजच्या उलट दिशेचं आहे.

भूखंड सरकला खरा, पण कसा? याचा धागा अरबी समुद्रात, कार्ल्सबर्ग पर्वतरांगेत सापडला.

ड्रमंड मॅथ्यूज हे केंब्रिजचे अध्यापक. त्याआधी दक्षिण ध्रुवाकडच्या बेटांवर त्यांनी भूशास्त्रज्ञ म्हणून काम केलेलं. १९६२ साली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजावरून त्यांनी या रांगेच्या एका तुकड्याची बारीक पाहणी केली. जहाजामागे दोराने मॅग्नेटोमीटर ओढायचा आणि आकडे टिपत राहायचं, असं ते कंटाळवाणं काम. परतल्यावर हे आकडे त्यांनी फ्रेड व्हाइन या नव्या संशोधक विद्यार्थ्याच्या हाती दिले. व्हाइनने ते संगणकावर घातले. समुद्रतळावरच्या दोन ज्वालामुखी टेकड्यांपैकी एकीचं चुंबकत्व उलटं निघालं! त्यावरून दोघांनी मांडलं ते असं: रांगेच्या मध्यातून लाव्हा वर येतो, गोठतो, दोन्ही बाजूंना सरकतो. पृथ्वीचं चुंबकत्व उलटलं की पुढचा पट्टा उलट्या दिशेचा होतो. ७ सप्टेंबर १९६३ च्या ‘नेचर’मध्ये हे छापून आलं, पहिलं नाव व्हाइनचं. कॅनडाच्या लॉरेन्स मोर्ली यांनाही हेच सुचलं होतं. त्यांचा निबंध मात्र परत आला. मॅथ्यूज पुढे खंडांच्या खोल कवचाच्या अभ्यासाकडे वळले. माझ्या मते त्यांच्या नोकरीतलं सर्वांत मोठं काम म्हणजे ते आकडे विद्यार्थ्याला देऊन टाकणं. आपल्याकडे विदा कपाटात कुलूपबंद ठेवणारे गाईड कमी नाहीत.

त्याच हिंदी महासागर मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. ती गोव्यात दोनापावलाला आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या पश्चिमेकडच्या लक्ष्मी खोऱ्यात ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ जहाजाने तळाला भोकं पाडली. या खोदकाम मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी धनंजय पांडे गोव्याच्याच दुसऱ्या एका संस्थेतले.

तेव्हा भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्रात एमएस्सी करणाऱ्यांनी समुद्र लांब आहे म्हणून हा रस्ता सोडू नये. गणित पक्कं करा, बोट लागण्याची तयारी ठेवा. आणि गाईड निवडण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या निबंधांवर पहिलं नाव कुणाचं आहे, तेवढं पाहून घ्या.